दोन शिडाच्या बोटी, एक जुनी, एक कोरी: एप्रिलअखेर मुंबई ते दाभोळ. निघण्याआधी काय तपासावं?

शीडवेडा
नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई, राजपुरी, दाभोळ आणि परत, असा आठ दिवसांचा बेत आहे. आमची बोट ३० फुटी, वीस वर्षं जुनी, साध्या शाफ्टची (प्रोपेलर सरळ दांड्यावर). सोबत मित्र आणि त्यांचं कुटुंब त्यांच्या कोऱ्या ३४ फुटीवर. ती सेलड्राइव्हची (प्रोपेलर तळाखाली उतरलेल्या गिअरच्या पायावर), पाण्यात येऊन दीड महिना झालाय, इंजिनाचे ३८ तास झालेत. आमच्या बोटीत काय कुरकुरतं ते पाठ आहे. नव्या बोटीत नक्की काय बघायचं? मित्राचं म्हणणं, "नवी आहे, तिला काय होतंय." शिवाय दोन बोटींनी सोबत जाताना वेग, नांगर, संपर्क याचं गणित कसं बसवायचं? सुटे भाग कोणते न्यावेत? दोन्ही बोटींवर मिळून सात माणसं, त्यात दोन मुलं. सगळ्यांना पोहता येतं.

डिझेलवाला
मित्राला सांगा, ज्या बोटीचा एकही पाइप अजून कुणी ओढून पाहिलेला नाही, ती नवी बोट. कारखान्यात क्लिपा घाईत आवळलेल्या असतात आणि पहिल्या पन्नास तासांत रबर बसतं, मग त्याच क्लिपा सैल होतात. एक सकाळ ठेवा आणि प्रत्येक सीकॉकपासून (बोटीच्या तळातल्या भोकावरचा व्हॉल्व्ह) सुरुवात करा: व्हॉल्व्ह पूर्ण बंद-उघड होतो का, पाइपावर दोन क्लिपा आहेत का, स्क्रूड्रायव्हरने किती फिरतात. सोबत छोटं लोहचुंबक न्या. क्लिपची पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा प्रकार सर्रास असतो. चुंबक स्क्रूला घट्ट चिकटलं की ती क्लिप बदला. प्रत्येक सीकॉकशेजारी त्या मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवा. ड्रॉवरमधलं बूच वेळेला सापडत नाही.

३८ तास झालेत म्हणजे पहिली सर्व्हिस, जी बहुतेक इंजिनांना ५० तासांवर असते, ती वाटेतच येणार. दाभोळपर्यंत आणि परत येताना इंजिन सहज २०-२५ तास चालेल. तेव्हा निघण्याआधीच तेल आणि तेलाचा फिल्टर बदलून टाका. त्याच वेळी बेल्टचा ताण, इंजिन माउंटचे नट आणि अल्टरनेटरच्या वायरी बघा. नव्या डिझेल टाकीत फायबरचा भुगा, ड्रिलचे कीस, कधी चिंधीचा तुकडासुद्धा निघतो. बंदरात शांत पाण्यात ते तळाशी बसलेलं असतं. बाहेर दीड मीटर लाटेत टाकी घुसळली की सगळं फिल्टरमध्ये येतं आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडावर गचके देऊन बंद पडतं. म्हणून प्रायमरी फिल्टरची तीन काडतुसं, सेकंडरीची दोन, आणि डिझेलच्या नळीतली हवा काढायचा सराव. ब्लीड स्क्रू कुठला, त्याला पाना कितीचा, हे बंदरातच बघून स्क्रूवर रंगाचा ठिपका द्या. वाटेत जेट्टीवर कॅनमधून डिझेल घ्यावं लागलं तर कॅन अर्धा तास स्थिर ठेवा, जाळीच्या नरसाळ्यातून ओता आणि तळाचा लिटरभर तसाच सोडा.

आता इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा भाग. एप्रिलअखेर आपलं समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. युरोपातल्या थंड पाण्यात जे इंजिन अर्धवट तुंबलेल्या गाळणीवरही चालून जातं, ते इथे तापतं. त्यात मुंबई बंदरातल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवी सेलड्राइव्हच्या पायाच्या पाणी घेणाऱ्या भोकांवर चिकटते. अलार्म वाजायच्या बराच आधी एक्झॉस्टचा आवाज बदलतो. नेहमीचा ओला फचफच आवाज जाऊन कोरडा, पोकळ आवाज येतो आणि मागे वाफ दिसते. तो ऐकला की लगेच न्यूट्रल आणि इंजिन बंद. बरेचदा बोट थांबल्यावर किंवा क्षणभर रिव्हर्स दिल्यावर पिशवी सुटते. नाही सुटली तर गाळणी उघडून बघा. गाळणी स्वच्छ आणि पाणी तरी नाही, म्हणजे तुंबलंय खाली. इंपेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) तोवर कोरडा फिरला असेल तर झाकण काढून पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर नुसता नवा इंपेलर घालून भागत नाही. तो तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन बसतो. तो शोधून काढा, नाहीतर दोन तासांत पुन्हा तेच.

दोन बोटींचे इंपेलर एकमेकांना बसणार नाहीत, तेव्हा आपापले दोन-दोन. सामाईक चालेल ते: इंजिन ऑइल ५ लिटर, पाइपाचे तुकडे, क्लिपा, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, १२ व्होल्टचा सुटा बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसायला).

तुमच्या जुन्या बोटीचं स्टर्न ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारं पॅकिंग): शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडू द्या, बंद असताना जवळजवळ शून्य. एकही थेंब पडू नये म्हणून आवळत बसलात तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चर पडते.

खाडीपलीकडे
इंजिनाचं वर आलंच आहे. मी डोलकाठी आणि नांगरापुरतं लिहितो.

नवी स्टेनलेस वायर पहिल्या काही दिवसांत ताणते, आणि बोटीचा सांगाडाही थोडा बसतो. १२-१५ नॉट वाऱ्यात क्लोज-हॉल्ड (जमेल तेवढं वाऱ्याच्या तोंडाकडे) चालवून वाऱ्याच्या आडोशाकडचे कॅप श्राउड (डोलकाठीच्या टोकापासून बाजूला येणाऱ्या तारा) बघा. ते लोंबत असतील तर रिग, म्हणजे डोलकाठी धरणाऱ्या तारा, सैल आहे. टेन्शन गेज नसेल तरी अडत नाही. सैल श्राउडला २ मीटरची पट्टी वरच्या टोकाला टेपने घट्ट चिकटवा, खालचं टोक वायरवर मोकळं ठेवा आणि तिथे खूण करा. आवळताना खूण पट्टीपासून सरकते. नेहमीच्या १ × १९ (१९ तारांचा एक पीळ) वायरला दर १ मिलिमीटर म्हणजे तुटायच्या भाराच्या ५ टक्के. कॅप श्राउडला ३ मिलिमीटर, म्हणजे १५ टक्के, ही बहुतेक क्रूझिंग बोटींना चालणारी सुरुवात. तरी बिल्डरचा आकडा असेल तर तोच धरा. दोन्ही बाजू सारख्या फेऱ्यांनी आवळा. शेवटी तारा आवळायच्या टर्नबकलच्या स्प्लिट पिना उघडून वाकवल्यात ना ते बघा. नव्या बोटीवर नुसत्याच आत सरकवलेल्या पिना सापडतात.

नव्या बोटीच्या डेप्थ साउंडरवर विश्वास ठेवण्याआधी त्याचा ऑफसेट काय ठेवलाय ते विचारा. काही जण पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतात, काही कीलखालून (कील म्हणजे तळाखालचं वजनदार पातं). दोन मीटर ड्राफ्टच्या, म्हणजे दोन मीटर पाण्याखाली असलेल्या, बोटीला हा फरक म्हणजे तरंगणं की रुतणं. दोरीला वजन बांधून एकदा पडताळा. साखळीचं आतलं टोकही बघा. ते लॉकरमध्ये दोरीने बांधलेलं हवं, अशी दोरी की प्रसंगी सुरीने कापता येईल. कोऱ्या बोटीवर ते टोक कशालाच बांधलेलं नसणं यात काही नवल नाही.

नांगराचं गणित. राजपुरी खाडीत ओहोटीला साउंडरवर ४ मीटर दिसतंय. भरतीला ३ मीटर चढणार. साखळीच्या पुढच्या रोलरची पाण्यापासून उंची १.२ मीटर. बेरीज ८.२, पाचपट धरली तर ४१ मीटर साखळी. पुष्कळ लोक समोर दिसणाऱ्या ४ ला ५ ने गुणून २० मीटर सोडतात आणि जेवून झोपतात. मध्यरात्री भरती आली की तेच प्रमाण अडीचपटीच्याही खाली जातं, आणि चिखलाचा तळ चांगला असूनही नांगर सरकतो. दर १० मीटरला साखळीवर रंग द्या, दोन्ही बोटींवर एकच खूण. दुसऱ्या बोटीवरून हाक मारून विचारलं तर उत्तर तरी कळेल.

तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायची पद्धत (अष्टमीला ६, पौर्णिमेला साधारण सव्वा अकरा-बारा) बेत आखायला झकास, पण बार (खाडीच्या तोंडावरचा वाळूचा उथळ पट्टा) ओलांडायला नाही. त्याला भरतीचं कोष्टक. दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी लागते आणि चढउतारही कमी होत जातो, त्यामुळे मुंबईचे आकडे दाभोळला जसेच्या तसे लावू नका.

शीडवेडा
दोघांचेही आभार. ऑफसेटचं डोक्यातच नव्हतं. आणखी दोन शंका. संध्याकाळी दोन्ही बोटी एकमेकींना बांधून एकाच नांगरावर रात्र काढावी असं मित्राच्या मनात आहे. मुलांनाही तेच हवंय. चालेल का? आणि सुट्टीचं जमलं नाही तर हाच बेत मेच्या तिसऱ्या आठवड्यात ढकलला तर?

उधाण_भांग
बांधा, पण गप्पा संपेपर्यंतच. नांगर मोठ्या बोटीचा, दुसरी येऊन लागणार. फेंडर दोघांचे मिळून निदान सहा, सगळ्यात रुंद भागावर तीन. पुढची-मागची दोरी आणि दोन स्प्रिंग (तिरक्या बांधलेल्या दोऱ्या). स्प्रिंगने बोटी पुढे-मागे सरकवून डोलकाठ्या एका रेषेत येणार नाहीत असं बघा. मचव्याची लाट आली की दोन्ही बोटी उलटसुलट डुलतात आणि स्प्रेडर (डोलकाठीवरच्या आडव्या दांड्या) एकमेकांत अडकतात. दोन डोलकाठ्यांचं नुकसान एका झटक्यात. अंधार पडण्याआधी सुटा आणि आपापला नांगर टाका, मध्ये शंभर मीटर तरी ठेवून. खाडीत ओहोटीचा ओढा एकीकडे आणि वायव्येचा वारा दुसरीकडे असला की दोन वेगळ्या कीलच्या बोटी दोन वेगळ्या दिशांना तोंड करून उभ्या राहतात. प्रत्येक बोट आपल्या नांगराभोवती सारख्या वर्तुळात फिरेल, हा हिशेब तिथे चालत नाही.

राजपुरीत वायव्येच्या वाऱ्याला आडोसा हवा असेल तर उत्तरेचा काठ धरा, आगरदांड्याच्या अंगाला. फेरीबोटींची वाट सोडून. नांगरदिवा डोलकाठीवर आहेच, पण रात्री छोट्या होड्यांना तो दिसत नाही, त्यांची नजर खाली असते. कॉकपिटच्या उंचीवर आणखी एक दिवा लावा.

मेचा तिसरा आठवडा? माझं स्पष्ट मत: नको. तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वादळ दर वर्षी येत नाही हे खरं, पण मेच्या उत्तरार्धात नैऋत्येचा हेलावा सुरू होतो. वारा नसतानाही तो दाभोळच्या बारवर फुटतो. आत अडकलात तर बोट तिथेच सोडून रस्त्याने घरी यावं लागेल. १० मेच्या आत परत, असा बेत जमत असेल तर जा. नाहीतर ऑक्टोबरनंतर.

डिझेलवाला
तारखेबाबत सहमत. परतीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण खरा घाम तिथेच निघतो. जाताना दुपारचा वायव्येचा खारा वारा पाठीशी असतो, बूमला (शिडाखालच्या आडव्या दांड्याला) प्रिव्हेंटर, म्हणजे तो अचानक पलटू नये म्हणून दोरी, लावा आणि मजेत जा. येताना तोच १५-१८ नॉट तोंडावर. उपाय एकच: पहाटे ३-४ ला मतलई वाऱ्यात निघायचं, इंजिन आणि मुख्य शीड, आणि बारा-एकपर्यंत नांगर पडलेला असला पाहिजे. दाभोळ ते राजपुरी साधारण ४५ सागरी मैल, राजपुरी ते मुंबई ४०. ५ नॉटने ९ तास आणि ८ तास. वेग धरताना जुन्या बोटीचा धरा. ३४ फुटीने पुढे जाऊन वाट बघण्यात अर्थ नाही, सोबतीचा उपयोगच तिथे संपतो. ३० अश्वशक्तीचं इंजिन मध्यम फेऱ्यांवर ताशी अडीच-तीन लिटर पितं. १७ तासांचे ५१ लिटर, त्यावर निम्मे राखीव, म्हणजे दाभोळहून निघताना टाकीत साधारण ७७ लिटर हवेत. तुमच्या ३० फुटीची टाकी तेवढी नसेल तर कॅन लागतील, ते कॉकपिटमध्ये बांधून, केबिनमध्ये नाही.

निघायच्या दोन दिवस आधी तुमच्या जुन्या बोटीचा प्रोपेलर खरवडून घ्या. मुंबईच्या पाण्यात महिनाभर उभ्या बोटीच्या पात्यांवर शंखशिंपल्यांचा थर बसतो आणि नॉटभर वेग सहज जातो. तळाला मात्र कडक ब्रश लावू नका. झिजणारा अँटिफाउलिंग (शिंपले बसू नयेत म्हणून लावलेला रंग) असेल तर लाल ढग पाण्यात जाताना दिसेल, तो तुमचा रंगच. नव्या बोटीच्या सेलड्राइव्हचा पाय अॅल्युमिनियमचा असतो. त्याला तांब्याचा अँटिफाउलिंग लागलेला नाही ना, ते मास्क लावून उतरून बघा. लागला असेल तर धातू कुरतडला जातो. झिंक अॅनोड (पायाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) अर्ध्याहून जास्त गेला असेल तर दीड महिन्यात एवढा का गेला, हा प्रश्न डीलरला विचारा. बहुधा किनाऱ्यावरच्या विजेच्या जोडणीत गडबड असते.

खाडीपलीकडे
जाळ्यांचं राहिलं. पहाटे अंधारात निघणार म्हणजे डोल (एका जागी बांधून ठेवलेल्या) जाळ्यांचे बोये आणि दोऱ्या यांचा विचार हवाच. रेवस-करंजाच्या बाहेर तर दिवसाही डोळे उघडे लागतात. खांदेरी आणि चौल काडूचा खडक दोन्ही पश्चिमेकडून सोडा. पुढच्या बोटीवर एक माणूस नाळेशी, मागची बोट तिच्याच वाटेने तीन-चारशे मीटरवर. रेडिओवर १६ चॅनल कायम चालू, आपसात बोलायला ७२. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर दोन्ही बोटींच्या टेबलावर लिहून चिकटवा.

दोरी पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेलीच तर ताबडतोब न्यूट्रल, इंजिन बंद, चावी खिशात. जोरात रिव्हर्स मारून सुटेल ही आशा सोडा. शाफ्टच्या बोटीत कपलिंग निसटतं, सेलड्राइव्हमध्ये दोरा सीलच्या आत शिरतो. शीड उभारून मोकळ्या पाण्यात या किंवा नांगर टाका. मग एकच माणूस कमरेला दोरी बांधून, मास्क आणि दातेरी पात्याची पावाची सुरी घेऊन उतरेल. लाट असेल तर उतरू नका, बोटीचा मागचा भाग डोक्यात बसतो. तेव्हा दुसऱ्या बोटीने ओढत न्यायचं. त्यासाठी ३० मीटरची १४-१६ मिलिमीटर नायलॉन दोरी दोन्हीकडे असू द्या. सेलड्राइव्हला दोरी लागून गेली असेल तर संध्याकाळी गिअर ऑइलची डिपस्टिक बघा. तेल दुधाळ दिसलं म्हणजे सीलमधून पाणी गेलंय. तेवढं तेल बदलायची सोय बोटीवर ठेवा आणि परतल्यावर बोट वर काढा.

दाभोळच्या तोंडावर भरतीच्या शेवटच्या तासा-दोन तासांत शिरा. चढत्या पाण्यात कील टेकली तर पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर तुम्ही पुढच्या भरतीपर्यंत तिथले.

शीडवेडा
१० मेच्या आत परत, हे मित्राला पटलं. शनिवारी सकाळी चुंबक आणि २ मीटरची पट्टी घेऊन त्याच्या बोटीवर जातोय. तेलाचा फिल्टर त्याने कालच मागवला.