धागा: आठवीपर्यंत 'व्याख्या लिहा' हा प्रश्नच बंद करावा का?

काळीमाती (जि.प. शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

मुद्दा सरळ मांडतो, शिव्या घालायच्या त्यांनी सवडीने घालाव्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवी ते आठवीला विज्ञान, भूगोल आणि गरजेप्रमाणे उरलेलं सगळं शिकवतो. आमच्याकडे 'संकल्पना स्पष्ट झाली' याचा अर्थ 'व्याख्या पाठ झाली' एवढाच उरला आहे. घनफळ म्हणजे काय विचारा, पोरगं धडाधडा म्हणून दाखवतं. मग विचारा, रात्री ४० मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या एकरावर पाणी किती पडलं? वर्ग चिडीचूप.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे ४० मिलिमीटरला एकरी १ लाख ६० हजार लिटरच्या वर. गुणाकार पाचवीचाच आहे, पण तो कोणी पावसाशी जोडून दिलेला नसतो.

थंड पेयाची बाटली मानेखाली कापा, वरचा तुकडा उलटा बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधीच पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. झालं पर्जन्यमापक. लगेच वर्गात भांडण सुरू होतं: बाटलीऐवजी पिंप ठेवलं तर पाऊस जास्त भरेल ना? पाणी जास्त भरतं, उंची तेवढीच राहते. आणि बादली ठेवली तर? बादली खाली अरुंद, वर पसरट, तिच्यात उंचीही जास्त दिसते. या भांडणातून क्षेत्रफळ आणि घनफळ जसं डोक्यात बसतं, तसं फळ्यावर लिहून मी आजवर बसवू शकलो नाही.

पुढे हाच आकडा नागरिकशास्त्रात जातो. महसूल मंडळाच्या (काही गावं मिळून एक मंडळ) पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली की अतिवृष्टी धरतात. नाल्याकाठच्या गावात ७० पडतो, मंडळाच्या मापकात ५० भरतो, आणि पंचनाम्यावरून वाद पेटतो. मापक कुठे बसवायचं हे कोण ठरवतं? एका मापकाच्या भरवशावर किती गावं? हे प्रश्न सातवीची मुलं स्वतःहून विचारतात.

ग्रामसभेचंही तसंच. गणपूर्ती (सभा चालायला लागणारी किमान हजेरी) म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. पाठ करायला एक ओळ. पण 'किती मतदारांच्या गावापर्यंत १५ टक्के चालतील?' असं विचारलं की मुलं आकडेमोड करत ६६६ वर पोचतात आणि मग आपल्या गावाची मतदारयादी मागतात.

म्हणून प्रस्ताव: आठवीपर्यंत आधी मोजणं, मोजणं आणि मोजणं. व्याख्या नववीत बघू. लेखी परीक्षेतून तो प्रश्न काढूनच टाका.

शिकवणीवाली ताई (मूर्तिजापूर)

सर, बाटली छान आहे. आता माझ्याकडच्या आठवीच्या मुलींचं ऐका. त्यांच्यासमोर एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ज्या घरात मुलीचं शिक्षण दहावीनंतर थांबवायचं असं आधीच ठरलेलं असतं, तिथे हे पैसे बापाला गप्प करतात. त्या परीक्षेत विज्ञान, सामाजिक शास्त्रं, गणित सगळं येतं, आणि 'वस्तुमान कोणतं, वजन कोणतं' असा प्रश्न आला की चारातला एक पर्याय निवडायचा असतो. तिथे बाटली नेता येत नाही.

दुसरं, मोजण्याचं एवढं कौतुक करता तर हे सोडवा. १०० ग्रॅम सोयाबीन घेतलं, पूर्ण वाळवलं, ९० ग्रॅम उरलं. ओलावा किती? अर्धा वर्ग म्हणेल १० टक्के. एखादी हुशार पोरगी म्हणेल, ९० ग्रॅम कोरड्या मालाबरोबर १० ग्रॅम पाणी होतं, म्हणजे ११.१ टक्के. दोघींचं वजन बरोबर, भागाकार बरोबर, उत्तरं दोन. टक्केवारी ओल्या मालावर धरायची की कोरड्या, हे आधी ठरवल्याशिवाय काटा काही सांगत नाही. त्या ठरवण्यालाच व्याख्या म्हणतात ना? हमीभावाला सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, कापूस ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भावात आणि १२ च्या पुढे परत. आधी व्याख्या, मग काटा.

काळीमाती

सोयाबीनचं उदाहरण जबरदस्त आहे, वर्गात वापरणार. पण ताई, बघा ना, तुम्ही व्याख्येची गरज दाखवली ती वजन करूनच दाखवली. आधी दोन उत्तरं आली, मग गरज पडली. माझा क्रम तोच आहे.

धानवाला (कुरखेडा, गडचिरोली)

तुम्ही दोघं कापूस-सोयाबीनवालेच बोलताय, जरा जंगलाकडे या.

मोजून न कळणारी एक गोष्ट सांगतो. बांबू झाड आहे की गवत? वनस्पतिशास्त्रात तो गवताच्या कुळातला, गहू-धानाचा भाऊबंद. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. त्यामुळे तोडायचा, न्यायचा, विकायचा अधिकार वनखात्याच्या हातात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या) व्याख्येत बांबू आणला, आणि गौण वनोपजावर हक्क गावाचा. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर न्यायच्या वाहतूक परवान्यावरून वाद राहिला, तो २०११ मध्ये केंद्रीय मंत्री गावात आल्यावर सुटला. १९२७ च्या कायद्यातून 'बांबू' काढायला २०१७ उजाडलं.

आता सांगा, त्या गावाने काय मोजलं असतं म्हणजे हक्क मिळाला असता? बांबूची उंची? त्या गावात अभ्यासगट होता, लोक बसून कायदा वाचायचे, एकेका ओळीवर चर्चा करायचे. व्याख्येतल्या एका शब्दावर अख्ख्या गावाची मजुरी अवलंबून होती.

'व्याख्या नववीत बघू' म्हणता, पण आमच्याकडची किती पोरं नववीपर्यंत टिकतात, त्याची चौकशी करा. आठवीपर्यंतच जे द्यायचं ते द्या. आणि त्यात कायद्याची भाषा वाचता येणं आलंच पाहिजे. पाठांतराचा मलाही कंटाळा आहे, पण तुम्ही पाठांतरावरचा राग व्याख्येवर काढताय.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

मास्तर, मी शिक्षक नाई, बाप हाये. आमी खारपाणपट्ट्यातले. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाई. पाणी गाळाच्या मशीनवाले गावात येते, टीडीएसचं मीटर बुडवते, ९०० आकडा दाखवते आन् म्हणते, काका हे जहर पिऊन राह्यले तुमी. बायका भेतात, हप्त्यावर मशीन घेतात.

आमच्या पोरीनं पुस्तकात पाह्यलं. मीटर फकस्त सांगते का पाण्यात विरघळलेलं किती हाये. काय विरघळलं ते नाई सांगत. मीठ असन, चुना असन, मीटरले सारखंच. तिच्या सरानं सांगतलं का पिण्याच्या पाण्याच्या मानकात ५०० पर्यंत बेस, आन् दुसरी सोय नसन तं २००० पर्यंत चालवून घेता येते. म्हंजे ९०० म्हंजे जहर नाई. पन फ्लोराइड-नायट्रेट पाहाचं असन तं नमुना प्रयोगशाळेतच द्या लागते.

मोजाचं यंत्र तं त्या मशीनवाल्याजवळबी होतं ना राजेहो. मंग शायना कोन ठरला? मी ताईच्या बाजूनं.

सेवाकेंद्र (दिग्रस)

मी सेवा केंद्र चालवतो, दिवसभर सातबारा आणि फॉर्म. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी (शेतकऱ्यानं मोबाइलवरून स्वतः पिकाची नोंद करणं) आली तेव्हापासून एक वाक्य रोज ऐकतो: 'शेतात नेटवर्क नाही, म्हणून लोकेशन येत नाही.' लोकेशनला मोबाइलचा टॉवर लागतच नाही. फोन उपग्रहांचे संकेत ऐकतो, चार उपग्रह सापडले की जागा काढतो. नेटवर्क लागतं ते नकाशा दिसायला आणि माहिती पाठवायला. उघड्या धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून जरा थांबलं की लोकेशन येतं, दाट झाडाखाली रेंगाळतं. दहावी झालेल्या पोरांना 'जीपीएस'चं पूर्ण रूप पाठ असतं, ही गोष्ट माहीत नसते.

मी सरांच्या बाजूचा. एक प्रयोग करा, कुठल्याही साध्या फोनवर होतो. अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात दाखवणारं अॅप घ्या. मैदानातून सरळ उत्तरेला चाला, अक्षांश १० सेकंद बदलेपर्यंत. अंतर मोजा, ३०८ मीटरच्या आसपास येतं. मग सरळ पूर्वेला चाला, रेखांश १० सेकंद बदलेपर्यंत. २९० च्या आसपास. फोन चार-पाच मीटर इकडेतिकडे करतोच, तरी फरक लपत नाही. का? कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. पृथ्वी गोल आहे हे सातवीच्या पोरानं दिग्रसच्या मैदानात दोरी टाकून काढलं, यापुढे 'रेखावृत्त म्हणजे काय' याची पाठ व्याख्या मला तरी फिकी वाटते.

निवृत्त केंद्रप्रमुख (वर्धा)

सगळ्यांना नमस्कार. हा वाद आमच्या जिल्ह्यात जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यायची कल्पना मांडली, झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम केला. कल्पना अशी की सूत कातताना गणितही यावं, कापसाचा भूगोल आणि इतिहासही यावा. पुढे ठिकठिकाणी तकली (सूत कातायची चाती) राहिली, तिच्यातून गणित काढणारा शिक्षक राहिला नाही. कार्यानुभवाच्या तासाला पोरं अंगण झाडताना मी कितीतरी शाळांत पाहिली.

काळीमाती सरांची बाटली चालते, कारण तिच्यामागे ते स्वतः उभे आहेत. उद्या परिपत्रक निघालं की प्रत्येक शाळेत बाटली लागेल, फोटो अपलोड होईल, नोंदवहीत आकडे आदल्या रात्री भरले जातील. व्याख्या निदान सुमार शिक्षकाच्या हातूनही पोरापर्यंत पोचते. धोरण सुमार शिक्षकाला धरून करायचं असतं. हे कोणाला आवडत नाही, मलाही आवडत नाही.

काळीमाती

साहेब, सुमार शिक्षकाच्या हातून पोचते ती व्याख्या नसते, तिचा आवाज असतो. पूर्णाकाठ दादांच्या पोरीला ९०० चा अर्थ पुस्तकात सापडला, खरं आहे. पण तिने पुस्तक उघडलं ते अंगणात मीटर बुडवलेलं पाहिल्यावर.

धानवाला, तुमच्या बांबूला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. हक्क, कायदा, न्याय हे बाटलीत भरत नाहीत. तेवढ्यापुरता प्रस्ताव बदलतो: नागरिकशास्त्रात कायद्याची मूळ व्याख्या जशीच्या तशी वर्गात वाचायची, पाठ न करता. विज्ञान-भूगोलात माझं म्हणणं कायम.

धानवाला

बांबू गवत आहे हे विज्ञानातच शिकवता ना? मग विज्ञान वेगळं, नागरिकशास्त्र वेगळं, ही फोड पुन्हा कशाला? कायद्याने झाड म्हटलेलं गवत, हा एकच तास दोन्ही विषयांचा होऊ शकतो.

आणि ग्रामसभेचं तुमचं ६६६ चं गणित अर्धवट आहे. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अटच नसते. डोकी मोजून हे कळत नाही, नियम वाचावा लागतो. किती गावांत पहिली सभा मुद्दाम तहकूब होते, ते तुमच्या सातवीला विचारायला लावा.

शिकवणीवाली ताई

मला एकच सांगा, वेळ कुठून आणता? सोयाबीनवर १० की ११.१ यावर वर्ग भांडला तर पाऊण तास तिथेच जातो. बाजारात ओल्या मालावर टक्केवारी धरतात, हे मी एका वाक्यात सांगून पुढे जाते.

काळीमाती

मीही शेवटी तेच वाक्य सांगतो, पण भांडण झाल्यावर.

शिकवणीवाली ताई

मग राहिलेला धडा रविवारी येऊन तुम्हीच घ्या. माझ्या मुलींची परीक्षा तुमच्या भांडणासाठी थांबणार नाही.