बटाट्याच्या तोफेची नळी किती लांब असावी?

ओहायोकर:
दाबलेल्या हवेच्या जोरावर नळीतून बटाट्याचा तुकडा उडवणारी बटाट्याची तोफ तयार करण्याचा माझा विचार आहे. हवेची टाकी 2 लिटरची असेल आणि मापकावरील दाब 30 पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर जाऊ द्यायचा नाही. टाकी व नळी या दोन्हींसाठी 2 इंची शेड्यूल 40 (भिंतीच्या जाडीचे एक प्रमाण) पीव्हीसी पाइप घ्यावा असे वाटते. नळी जितकी लांब तितका वेग अधिक, हे कितपत खरे आहे?

गणिती:
एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. बटाट्यामागची हवा पसरते तसा तिचा दाब उतरतो आणि तो बाहेरच्या हवेइतका झाला की उरलेली नळी बटाट्याला केवळ घर्षणाने अडवते. मापकावर 30 पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाब सुमारे 3 वातावरणे, म्हणजे बाहेरच्या हवेच्या तिप्पट. हवेचे तापमान कायम राहिले असते, तर बॉइलच्या नियमानुसार ती 6 लिटर होईपर्यंत बटाट्याला ढकलत राहिली असती. त्यांपैकी 4 लिटर नळीत, म्हणजे 52.5 मिलिमीटर आतील व्यासाच्या आपल्या पाइपात सुमारे 185 सेंटिमीटर. प्रत्यक्षात सारे क्षणार्धात घडते, पसरणारी हवा थंड होते आणि तोच हिशेब 110 सेंटिमीटरवर येतो. घर्षण धरता मी मीटरभर नळी पुरेशी मानीन. टाकी आणि नळी यांमधली झडप अरुंद असेल, तर हे सारे गणित कागदावरच राहते, कारण हवा पुरेशी येण्याआधीच बटाटा बराच पुढे सरकलेला असतो.

नळकाम:
मला लांबीपेक्षा टाकीची चिंता वाटते. पाइपावर छापलेला दाब 23 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यासाठी असतो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून तडा गेल्यास दाब लगेच ओसरतो. हवेत मात्र ऊर्जा साठलेली असते आणि पीव्हीसी फुटले की त्याचे धारदार तुकडे दूरवर उडतात. उन्हाने आणि थंडीने ते आणखी ठिसूळ होते, आणि आपल्याकडचा हिवाळा आपण जाणताच. उघड्यावरील पीव्हीसी पाइपांतून दाबलेली हवा नेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने 1988 मध्येच दिला होता. सुरक्षा-झडप असलेली, हवेसाठीच बनवलेली धातूची टाकी विकत घ्यावी.

गणिती:
पूर्ण सहमत. नळीच्या तोंडाला धार लावताना उतार बाहेरच्या बाजूने द्यावा, म्हणजे बटाट्याची गुडदी (नळीत घट्ट बसणारा तुकडा) आतील व्यासाइतकीच कापली जाते. धार लावणे व बटाटा भरणे ही दोन्ही कामे टाकी रिकामी असतानाच करावीत.