'चित्रपती' म्हणजे चित्राचा नवरा?

रविवारचा खेळ
आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवतो. या खेपेला 'दो आँखें बारह हाथ'. फलकावर मी 'चित्रपती व्ही. शांताराम यांचा' असं लिहून पाठवलं, तर समितीतले एक काका म्हणाले, "चित्रपती म्हणजे काय, चित्राचा नवरा?" सगळे हसले आणि मला काही उत्तर सुचलं नाही. तर शंका तीन. शब्दाचा नेमका अर्थ काय? शेवटची वेलांटी पहिली की दुसरी? आणि खाली आम्ही स्वतःला काय म्हणवून घ्यावं: चाहते, रसिक, की अजून काही?

वेलांटी
काकांना विचारा, सेनापती कुणाचा नवरा असतो? पती म्हणजे स्वामी, धनी. आपल्याकडे बायका नवऱ्याला 'धनी' म्हणायच्या, तिथेही गोष्ट तीच. सभापती, कुलपती, लखपती यांच्या ओळीत चित्रपती बसवा.
वेलांटी दुसरी, म्हणजे दीर्घ. चित्रपती, चित्रपतींचा, चित्रपतींना. पुढे शब्द जोडून समास झाला तर मात्र ऱ्हस्व, राष्ट्रपतिपद किंवा पतिव्रतासारखा. जुन्या छपाईत 'चित्रपति' दिसलं तर हसू नका, 1962 च्या नियमांआधी तसंच लिहीत.

जुनी तिकिटं
पतीची गाठ सुटली, पण 'चित्र' राहिलं. इथे चित्र म्हणजे भिंतीवरची तसबीर नव्हे. 'प्रभातचं नवं चित्र लागलंय' असं आमच्या घरातली मोठी माणसं सहज बोलायची. 'सिनेमा' आणि 'पिक्चर'ने ते बोलण्यातून हाकललं, तरी चित्रनगरी, चित्रसृष्टी, चित्रसंस्था यांत ते अजून नांदतंय.
आणि 'चित्रपती' कानावर पडताच 'छत्रपती' आठवतं की नाही? शब्द त्यावरूनच घडला असं मी म्हणत नाही. पण शांताराम वणकुद्रे कोल्हापूरचे, ते घडले ते छत्रपतींच्या त्या संस्थानात. तिथल्या माणसाला हा प्रास ऐकू न येणं अवघडच.

रंकाळा
ऐकू येतो, येतो! आमच्या गावाने सिनेमावाल्यांना दिलेली नावं एका ओळीत म्हणून बघा. बाबूराव पेंटर कलामहर्षी. भालजी पेंढारकर चित्रतपस्वी. शांताराम चित्रपती. एक ऋषी, एक तपस्वी आणि तिसरा थेट राजा. उपाध्या नुसत्या शोभेच्या असतात असं म्हणतात, मला पटत नाही. पेंटरांनी कॅमेरा स्वतः जुळवला, शिष्य तयार केले. त्यांना महर्षी शोभतं. भालजी जयप्रभा स्टुडिओ धरून राहिले, तिथे तप आलं. शांताराम पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकले, 1929 मध्ये चौघा भागीदारांबरोबर 'प्रभात' काढली, 1933 मध्ये ती पुण्याला नेली, 1942 मध्ये बाहेर पडून परळला 'राजकमल कलामंदिर' उभं केलं. स्टुडिओ स्वतःचा, दिग्दर्शन स्वतःचं, मनात आलं की भूमिकाही स्वतःची. याला महर्षी म्हणून कसं चालेल? या नावात कौतुक आहेच, थोडा दराराही आहे.

वेलांटी
दराऱ्याचा मुद्दा आवडला. एक पुरवणी: 'व्ही.' हे वणकुद्रे या आडनावाचं आद्याक्षर, तेही इंग्रजी, आणि नावाच्या आधी. मराठी रीतीने आडनाव शेवटी यायला हवं. पण 'शांताराम व.' असं लिहिलं तर हजेरीपटावरचं नाव वाटेल.

जुनी तिकिटं
छापील उपाधी एक आणि तोंडातलं नाव दुसरं, हेही ध्यानात घ्या. बोलताना कुणी चित्रपती म्हणत नाही. शांतारामबापू म्हणतात, किंवा अण्णासाहेब. भालजी 'बाबा'. प्रभातमध्ये तर दामलेमामा आणि फत्तेलाल हे साहेबमामा. दुरून बघणारा पदवी देतो, आणि जवळचा, किंवा स्वतःला जवळचा समजणारा प्रेक्षक, नात्यात ओढतो. माझी आजी शांतारामांना कधी भेटली नव्हती, पण बापूच म्हणायची, जणू शेजारच्या वाड्यात राहतात.

पंखा क्र. 1
तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघणार आहे का? मी माझ्यापुरतं ठरवलंय: 'पंखा'. फॅनचं शुद्ध मराठी. 😄

वेलांटी
विनोद म्हणून ठीक, फलकावर नको. 'चाहता' बरा, तो 'चाहणे'वरून आला. स्त्रीलिंगी चाहती, अनेकवचन चाहत्या, पण ही रूपं कुणी वापरत नाही, बायकाही 'मी त्यांची चाहता' म्हणून मोकळ्या होतात. 'रसिक' नाटकाच्या जाहिरातींनी इतका वापरलाय की आता त्याचा अर्थ 'तिकीट काढणारा' एवढाच उरलाय. 'भक्त' हल्ली हातात घ्यायची सोय नाही.

दुसरी घंटा
आणि 'दर्दी'? गर्दी आणि दर्दी ही जोडी मराठीत पक्की आहे. फारसीत दर्द म्हणजे वेदना. आपण दर्दी केला जाणकार, ज्याला कलेतली कळ कळते तो. पण एक इशारा. शांतारामांच्या बाबतीत गर्दी आणि दर्दी यांची भांडणं होतात. दर्दी 'कुंकू'पाशी (1937) थांबतो. पार्श्वसंगीत नाही, नुसते घरातले आवाज, भिंतीवरचं घड्याळ, केशवराव दाते आणि शांता आपटे. तोच माणूस 'नवरंग'मध्ये (1959) संध्याबाईंच्या डोक्यामागे मुखवटा लावून एकटीलाच बाई आणि पुरुष म्हणून नाचवतो, तेव्हा दर्दी म्हणतो 'भडक' आणि पिटातून शिट्टी येते. मी दोन्हीकडे आहे. 'भडक' हा शब्द आपण फार लवकर काढतो. ज्याला प्रत्येक चौकटीत काहीतरी करून दाखवायचं आहे त्याला 'हौशी' म्हणून पाहा. सगळं चित्र बदलतं.

रंकाळा
'हौशी' कसं? हौशी म्हणजे धंदा नसलेला. राजकमलचा मालक हौशी?

दुसरी घंटा
हौशी रंगभूमीतला नव्हे, 'हौसेला मोल नाही'मधला.

आटपाडीकर
तुम्ही दाखवताय त्या सिनेमाबद्दल थोडं. औंध संस्थानाने आमच्याकडे स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत केली होती, कथेची प्रेरणा तिथली, आणि लिहिणारे माडगूळचे ग. दि. माडगूळकर. 'झनक झनक पायल बाजे'मध्ये (1955) रंगांची उधळण करून झाल्यावर बापू 1957 मध्ये सहा कैद्यांसाठी पुन्हा काळ्यापांढऱ्याकडे वळले. जेलर आदिनाथ स्वतः झाले. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून काढावा लागला. सिनेमाच्या नावातच डोळे! पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं.
माझी शंका अशी: 'चित्रपती'त दिग्दर्शक आला, निर्माता आला, नट कुठे आला? 1925 च्या 'सावकारी पाश'मधला शेतकरी, नंतर डॉ. कोटणीस, मग हा जेलर. नटसम्राट त्यांना कुणी म्हणत नाही, आणि म्हणू नयेच. पण आदिनाथ बघताना मला दिग्दर्शक आठवत नाही.

जुनी तिकिटं
खरं आहे. नटासाठी वेगळं बिरुद लावू नका. फलकावर 'दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका' एवढं साधं लिहा, भारदस्त शब्द एकच पुरे.

रविवारचा खेळ
सगळ्यांचे आभार. मजकूर असा पाठवला: 'चित्रपतींना मानाचा मुजरा. दो आँखें बारह हाथ. दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका: व्ही. शांताराम. शांतारामबापूंच्या चाहत्यांतर्फे.' काकांना सेनापतीचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, "मग लखपती लक्ष्मीचा नवरा का नाही?" त्यांच्यापुढे हात टेकले.

रविवारचा खेळ
फलक छापून आला. 'चित्रपतिंना'. पहिली वेलांटी! आता खुर्चीवर उभा राहून मार्करने ती दुसरी करतोय. खाली काका खुर्ची धरून आहेत आणि 'ऐ मालिक तेरे बंदे हम' गुणगुणतायत.