एल्फांच्या भाऊबंदकीत खरा दोषी कोण? माझं मत : माएध्रोस

तापीकाठ

आमच्या जळगावच्या वाचनकट्ट्यावर 'सिल्मरिलियन'वर गप्पा झाल्या. सगळ्यांनी मिळून फेआनोरला फासावर चढवलं आणि चहा पिऊन घरी गेले. मला ते पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. लेखक टोल्कीन 1973 साली वारला. त्याच्या हस्तलिखितांचा गठ्ठा मुलाने, ख्रिस्तोफरने, लावून घेतला आणि 1977 साली हे पुस्तक बाहेर आलं. एल्फ म्हणजे देखणी, हुन्नरी, म्हातारपण नसलेली जमात. त्यांतल्या नोल्डोर कुळाचा राजा फिन्वे. पहिली राणी मीरिएल. फेआनोर जन्मला आणि तिची जगण्याची इच्छाच संपली. राजाने दुसरं लग्न केलं, फिंगोल्फिन आणि फिनार्फिन झाले. म्हणजे सावत्रपणा पहिल्या पिढीपासूनच. फेआनोर मोठा कारागीर. त्याने दोन दिव्य झाडांचा उजेड कोंडून तीन रत्नं घडवली, तीच सिल्मरिल. पुढे मेल्कोर या दुष्ट देवाने ती झाडं मारली, फिन्वेचा खून केला आणि रत्नं पळवली. तेव्हा फेआनोरने आणि त्याच्या सात मुलांनी शपथ घेतली की रत्न ज्याच्याकडे सापडेल, तो कोणी का असेना, त्याच्या मागे लागू. तिथून पुढे जवळपास सहाशे वर्षं लढाया. त्यात तीनदा एल्फांनीच एल्फांना कापलं: आल्क्वालोंदे बंदरात गलबतं दिली नाहीत म्हणून, नंतर दोरिआथच्या जंगलात, आणि शेवटी सिरिऑन नदीच्या मुखाशी.

फेआनोर चुकला, यात वाद नाही. पण बाप मारला गेलाय, जन्माची कमाई लुटली गेलीय, अशा माणसाने रागाच्या भरात घेतलेली शपथ आहे ती. आणि मेल्कोरच्या मागे समुद्र ओलांडून मध्य-पृथ्वीवर उतरल्यावर तो लगेचच मेला. माएध्रोस हा त्याचा थोरला मुलगा. त्याचा राग कधीच उतरला होता. दोरिआथ लुटलं तेव्हा एका भावाच्या नोकरांनी तिथल्या राजाची दोन लहान मुलं उपाशी मरायला जंगलात सोडून दिली. माएध्रोसला ते कळल्यावर तो त्यांना शोधत रानोमाळ हिंडला. मुलं सापडली नाहीत. म्हणजे आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर काही वर्षं त्याने हात आवरलाही. आणि मग पुन्हा सिरिऑनवर चालून गेला, जिथे आधीच्या कत्तलीतून वाचलेली माणसं राहत होती.

त्या लढाईत त्याचेच काही शिपाई लढायला नाही म्हणाले. काही जण तर उलटून एल्विंगच्या (दोरिआथहून रत्न घेऊन निसटलेली राजकन्या) बाजूने लढले आणि मेले. पुस्तकात ही एवढीशी ओळ आहे, घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. साध्या शिपायाला जे जमलं ते थोरल्या राजपुत्राला का जमू नये?

भुसावळ जंक्शन

भाऊ, एकाच बाजूचा कागद वाचून दाखवलात. दुसरी बाजू मी वाचतो.

मॉर्गोथने (तोच मेल्कोर, हे नाव त्याला फेआनोरने दिलं) माएध्रोसला पकडून कड्यावर उजव्या मनगटाने लटकवलं होतं. त्याला सोडवायला कोण गेलं? फिंगोल्फिनचा मुलगा फिंगॉन. ज्या चुलत्याला आणि चुलतभावांना फेआनोरने गलबतं जाळून पलीकडच्या किनाऱ्यावर वाऱ्यावर सोडलं होतं, ज्यांना बर्फ तुडवत, माणसं गमावत यावं लागलं, त्यांच्यातला एक एकटा शत्रूच्या डोंगरावर चढला. बेडी तुटेना, तेव्हा हात कापून त्याला खाली आणला. आणि सुटल्यावर माएध्रोसने काय केलं? सगळ्या नोल्डोरांचं राज्य चुलत्याच्या हवाली केलं. सख्ख्या भावांना ते आवडलं नाही तरी केलं. गलबतं जाळताना हाच एकटा बाजूला उभा राहिला होता, तेही लक्षात घ्या. शत्रूच्या तोंडावरचा उत्तरेचा मुलूख मुद्दाम स्वतःकडे घेतला, म्हणजे भावाभावांत कुरबूर नको. सगळ्या कुळांची मोट बांधून मोठी लढाई उभी केली तीही त्यानेच.

भाऊबंदकी मिटवायला पूर्ण पुस्तकात या माणसाइतकं कोणी केलेलं नाही, आणि तुम्ही त्यालाच पिंजऱ्यात उभं करताय. शपथेत तो अडकला होता. भीष्म अडकला तेव्हा आपण त्याला पितामह म्हणतो ना?

तापीकाठ

भीष्माने सोडलं ते स्वतःचं राज्य आणि स्वतःचं लग्न. या आठ जणांनी गहाण टाकला तो दुसऱ्यांचा जीव. दोन्ही प्रतिज्ञा एकाच तागडीत घालू नका.

आणि ती मोट बांधलीत म्हणता ना, ती सुटली कशाने? दोरिआथच्या तेव्हाच्या थिंगोल राजाने (त्या दोन मुलांचा पणजोबा; तीनपैकी एक रत्न तोवर त्याच्याकडे आलं होतं) फौज दिली नाही. का दिली नाही? कारण त्याआधी याच भावांनी त्याला दरडावून निरोप धाडला होता की रत्न दे, नाहीतर तू आमचा वैरी. त्यांतले दोघे तर उघड म्हणत होते की लढाई जिंकून आलो की थिंगोलला मारू. मग कोण देईल फौज? मोट बांधणाऱ्याच्याच शपथेने ती सोडली.

खापरवाला

भो, दोन्हीसनं खरं शे. पन इतला नावं ध्यानमा ठेवाले कोनले टाइम शे? फिन्वे, फिंगॉन, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिन्रोद... मन्हं डोकं फिरी गयं.

मराठीत सांगतो. मी शंभरेक पानांवर सोडलं. कादंबरी म्हणता, पण यात माणसं बोलतातच कुठे? वर कोणीतरी उंचावरून सांगतंय की अमका तमक्याशी लढला आणि पडला. असं वाचून कोणाची चूक कोणाची बरोबर ठरवायची तर आधी कोणाशी तरी ओळख व्हायला पाहिजे. तुम्ही दोघं ज्या माएध्रोसवर भांडताय तो पुस्तकात मिळून किती वाक्यं बोलतो, मोजा एकदा.

भुसावळ जंक्शन

खापरवाले भाऊ, बखरी अशाच असतात. नावांसाठी मागे वंशावळ दिलीय, तिथे बोट ठेवून वाचा.

गिरणामाई

मी चाळीसगावकडची. तुम्ही सगळे मुलांवर आणि नातवांवर भांडताय, बापाचं नाव कोणीच काढत नाही याचं नवल वाटतं.

आमच्या शिवारात दोन भावांची एक सामाईक विहीर आहे. सातबाऱ्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. मोटर एकच. स्टार्टरच्या पेटीला दोन कुलपं आहेत, एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. वीज आठ तास, तीही कधी रात्री. ज्याची पाळी असेल त्याने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने येऊन आपलं कुलूप काढायचं, मग पाणी सुरू. कपाशी सुकली तरी एकटा कोणी मोटर चालू करू शकत नाही. ही कुलपं कधी लागली? म्हातारा जिवंत असतानाच. तो थोरल्याकडे जेवायला लागला आणि धाकट्याशी बोलेनासा झाला, त्या वर्षी.

आता फिन्वे बघा. फेआनोरने भर चौकात, बापाच्या दारात, धाकट्याच्या छातीला तलवार लावली. देवांनी त्याला बारा वर्षं शहराबाहेर काढलं. शिक्षा रास्त होती. आणि फिन्वे काय करतो? राजा असून सिंहासन सोडून थोरल्याच्या मागे निघून जातो. धाकट्याकडे राज्य राहिलं, बाप नाही. न बोलता सगळ्या प्रजेला सांगून टाकलं की खरा मुलगा कोण. एवढं होऊनही फिंगोल्फिन पुढे सगळ्यांसमोर फेआनोरला हात देतो आणि म्हणतो की तू पुढे हो, मी मागून येईन. शब्द पाळतोही. तिथे फेआनोरने गलबतं जाळली.

माएध्रोसच्या वाट्याला आलं ते दोन पिढ्यांचं उसनं भांडण. त्याला 'खरा दोषी' म्हणणं म्हणजे कर्ज काढणाऱ्याला सोडून वारसाला पकडणं.

धुळ्याचा पाहुणा

ताईंचा मुद्दा चांगला आहे, पण थिंगोलला एवढ्या सहज सोडू नका कोणी. बायकोच्या मंत्राने जंगलाभोवती कुंपण घातलं आणि आत बसला. बाहेर जग जळतंय, याच्या दरबारात गाणी. मोठ्या लढाईला त्याच्याकडून गेले फक्त दोघे, माब्लुंग आणि बेलेग, तेही स्वतः हट्ट करून. तिकडे टुर्गॉन आपल्या लपलेल्या गोंडोलिनमधून दहा हजार घेऊन न बोलावता आला, आणि हे साहेब बसून. शेवटी मेला कशापायी? त्याच रत्नापायी, स्वतःच्या महालात. बायको सांगत होती देऊन टाक म्हणून, तेही ऐकलं नाही.

टोल्कीन 1916 साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या खंदकांत होता आणि गोंडोलिनच्या पाडावाची गोष्ट त्याने तिथून आजारी होऊन परतल्यावर लिहायला घेतली. त्यामुळे 'आम्ही या युद्धात नाही' म्हणणाऱ्यांबद्दल त्याला काय वाटत असेल याचा अंदाज करता येतो. हा अंदाज माझा, त्याच्या नावावर खपवत नाही.

बाकी आपल्याकडे 1906 ला खान्देशाचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे झाले, 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. गलबतं कोणी जाळली नाहीत. जळगाव-धुळ्यात भांडण आहे ते फक्त भरीत कोणाचं चांगलं यावर.

खापरवाला

जळगावनं. विषय बंद.

अस्तंब्याची वाट

मी धडगावकडचा. माएध्रोस-माएध्रोस चाललंय, त्याच्या धाकट्या भावाकडे कोणी बघेल का? माग्लोर.

शेवट आठवा. मॉर्गोथ हरला, दोन रत्नं देवांच्या सेनापतीच्या तळावर पहाऱ्यात आहेत. सात भावांपैकी उरले दोघे. माग्लोर म्हणतो, आता पुरे, शरण जाऊ. माएध्रोस म्हणतो, देवांनी माफ केलं तरी शपथ ज्याच्या नावाने घेतली त्याच्यापर्यंत आपला आवाज कसा पोचणार, आपल्याला सोडवणार कोण? त्यावर माग्लोरचं उत्तर असं आहे की कोणीच सोडवू शकत नसेल तर शपथ पाळली काय, मोडली काय, अंधार ठरलेलाच. मग मोडण्यात निदान पाप तरी कमी. एवढं स्वच्छ बोलतो आणि तरीही भावाबरोबर रत्न चोरायला जातो. रत्नं हाताला भाजतात, हक्क कधीच संपलेला असतो. माएध्रोस आगीच्या दरीत उडी घेतो. माग्लोर रत्न समुद्रात फेकतो आणि किनाऱ्याने गात भटकत राहतो.

आमच्याकडे दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रा भरते, अश्वत्थाम्याची. रात्रीची चढाई असते, लांबलांबून माणसं येतात. अश्वत्थाम्यानेही झोपलेल्या छावणीत शिरून मुलं मारली. त्याचाही मणी गेला, मरण मिळालं नाही, जखम घेऊन तो सातपुड्यात फिरतो असं लोक मानतात. मला माग्लोर वाचताना परका वाटलाच नाही. आणि एक बघा, आमच्या माणसांनी त्या पाप्याला डोंगर दिला, वर जाऊन त्याला हात जोडतात. त्याने काय केलं हे माहीत नसतं असं नाही. म्हणून 'खरा दोषी कोण' हा प्रश्नच मला कोर्टातला वाटतो.

तापीकाठ

अस्तंबावाले भाऊ, माग्लोरबद्दल लिहिलंत ते आवडलं. पण तुमचाच पुरावा माझ्या बाजूचा आहे. वाट मोकळी होती, धाकट्याने ती दाखवली, थोरल्याने नाकारली. आणि अश्वत्थाम्याला हात जोडले म्हणून त्या पाच मुलांचा हिशोब मिटत नाही.

गिरणामाई, कर्ज बापाचं असेल, पण वारसाने त्यावर नवीन कर्ज काढलं की सही त्याची असते. सिरिऑनची सही माएध्रोसची आहे.

गिरणामाई

मग सांगा ना, त्याने सिरिऑनला करायचं काय होतं? शपथ गळ्यात, रत्न समोर, निरोप पाठवला तर उत्तर 'नाही'.

तापीकाठ

उत्तर नुसतं 'नाही' एवढंच नव्हतं, ताई. एल्विंगचा नवरा एअरेंडिल समुद्रावर गेला होता. राजा घरी नसताना तर रत्न मुळीच देणार नाही, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. गलबत परत येईपर्यंत थांबायचं. म्हातारपण नाही, रोगाने मरण नाही अशा माणसाला घाई कसली होती?

भुसावळ जंक्शन

आणि थांबला असता तर? हल्ला झाला म्हणून एल्विंगने रत्न घेऊन समुद्रात उडी टाकली. देवाने तिला पक्षी केलं, ती एअरेंडिलच्या गलबतावर पोचली, आणि त्या रत्नाच्या जोरावरच तो पश्चिमेला देवांच्या दारात जाऊ शकला. त्याशिवाय देवांची फौज आलीच नसती आणि मॉर्गोथ आजही बसलेला असता. तुमचा सज्जन माएध्रोस गलबताची वाट बघत बसला असता आणि सगळे गुलाम झाले असते.

तापीकाठ

म्हणजे शेवट गोड झाला म्हणून कत्तल माफ? मारणाऱ्याला पुढचं काही ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की आत बायकामुलं आहेत आणि मागच्या वेळी दोन पोरं सापडली नव्हती.

भुसावळ जंक्शन

आणि या वेळी एल्विंगची दोन पोरं, एल्रोंड आणि एल्रोस, याच भावांच्या हाती लागली. मारली नाहीत, माग्लोरने मायेने वाढवली. तेही लिहा तुमच्या आरोपपत्रात. मी माझ्या जागेवर आहे.