उत्तर: रिटर्नमध्ये प्लास्टर, शनिवारचं काय?

मंडळी, आमच्या स्विमिंग पूलचं रीप्लास्टर करताना कंत्राटदाराने रिटर्नच्या (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत आणणाऱ्या पाइपाच्या) तोंडांना प्लगच लावले नाहीत. पाचपैकी खोल बाजूची दोन तोंडं ठप्प, फिल्टरच्या दाबाचा काटा १४ वरून २४ पीएसआयवर. तो म्हणतोय, पंप चालू ठेवा, आपोआप निघेल. शनिवारी मुलं पोहायला येणार आहेत!
– सु., केटी (टेक्सस)

वहिनी, पंप आधी बंद करा. अडथळा सक्शनला (पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपात) असता तर काटा खाली आला असता आणि पंपाच्या बास्केटमध्ये बुडबुडे दिसले असते. फिल्टरचं कार्ट्रिज धुऊन बघा, नव्या प्लास्टरच्या धुळीनेही काटा चढतो. पण ती दोन तोंडं आपोआप उघडायची नाहीत. पांढरं सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं.
– वि.

म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड (म्हणजे हायड्रोक्लोरिक) पाइपात ओतून रात्रभर ठेवा. स्वस्तात काम.
– खजिनदार

खजिनदारसाहेब, अजिबात नको! क्लोरीनच्या गोळ्यांचा फीडर रिटर्नच्याच पाइपावर असतो. अ‍ॅसिड मागे जाऊन गोळ्यांना लागलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. शिवाय बाहेर आलेलं अ‍ॅसिड नवं प्लास्टर खातं.
– वि.

मग कंप्रेसर? न्यू जर्सीत हिवाळ्याआधी सगळे हवेनेच पाइप मोकळे करतात.
– मी.

तो ब्लोअर असतो, हवा भरपूर, दाब कमी. गॅरेजमधला कंप्रेसर १०० पीएसआयच्या वर जातो. त्या दाबाने पीव्हीसी फुटला तर तुकडे उडतात. पाणीच वापरा.

वहिनी, पातळी रिटर्नच्या जेमतेम खाली आणा. उघडं पडलेलं प्लास्टर सतत ओलं ठेवा, उन्हात सुकलं तर तडे जातात. दोन्ही ठप्प तोंडांचे आयबॉल (पाण्याची दिशा वळवणाऱ्या गोल तोट्या) काढा, बाकी तिघांना रबरी प्लग. फीडरच्या पुढे पाइप कापायचा, बागेच्या नळीला ड्रेन ब्लॅडर (रबरी फुगा) लावून तो पूलच्या दिशेने आत सारायचा. ब्लॅडर फुगून पाइपात घट्ट बसतो, मग धक्क्याधक्क्याने पाणी मारतो. गुठळी शिरली तिथूनच बाहेर पडायला हवी. एक तोंड मोकळं झालं की त्यालाही प्लग, म्हणजे सगळा जोर दुसऱ्यावर येतो. स्प्रिंगची तार घालू नका, एल्बो (पाइपाच्या वळणाचा जोड) फाटू शकतो.
– वि.

पाइप वहिनींनी कापला तर कंत्राटदार हात झटकेल. आधी फोटोंसकट लेखी कळवा, हे काम त्यानेच त्याच्या खर्चाने करायचं. शेवटचा हप्ता थांबवा.
– सचिव

सचिवांशी सहमत, पण काम चालू असताना वहिनी, तुम्ही तिथे उभ्या राहा. नाही निघालं तर कॅमेरा घालून जागा शोधायची आणि डेक (पूलभोवतीची फरसबंदी) तेवढाच फोडायचा. शनिवार मात्र रद्द करा.
– वि.