कालवांत जस्त १२००, शिनाण्यांत ९०: खाडी प्रदूषित म्हणायची का?

मीठबंदर:
कोकणातल्या एका खाडीतली खडकावरची कालवं आणि खाडीच्या मुखाबाहेरच्या कातळावरचे हिरवे शिनाणे जानेवारीत गोळा केले. सुक्या वजनावर जस्त कालवांत किलोला १२०० मिलिग्रॅम आलं, शिनाण्यांत ९०. शिसं दोन्हीकडे जवळपास सारखंच. मांस १०५ अंशांवर वाळवून, नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजलं. खाडीत जस्ताचं प्रदूषण आहे असं अहवालात लिहिता येईल का? आणि पुढच्या फेरीत काय बदलावं?

कातळकाठ:
नाही लिहिता येणार. कालव जस्त आणि तांबं पेशींत बांधून साठवत राहतं. शिनाणा मात्र जस्त बऱ्यापैकी आटोक्यात ठेवतो. स्वच्छ पाण्यातल्या कालवांतही जस्त शेकड्यांत असतं, कधी हजारावर जातं. तुम्ही दोन जागा नाही, दोन प्राणी मोजलेत. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा 'मसल वॉच' हा शिंपल्यांतले धातू मोजणारा कार्यक्रम १९८६ मध्ये सुरू झाला. तिथेही काही किनाऱ्यांवर कालवं आणि काही किनाऱ्यांवर मसल, म्हणजे शिनाण्याचे भाऊबंद, घेतात, पण जस्त-तांब्याचे आकडे एकमेकांशेजारी ठेवत नाहीत.

दोन्ही जागी कालवं मिळत असतील तर तीच घ्या. नसतील तर एकाच स्वच्छ जागेचे, एकाच मापाचे शिनाणे नायलॉन जाळीच्या पिशव्यांत भरून दोन्हीकडे दोन-तीन महिने टांगा. टांगण्याच्या दिवशीच त्यातले काही बाजूला काढून तपासा, म्हणजे सुरुवातीचा आकडा हातात राहतो. तार गॅल्व्हनाइज्ड नको, तिच्यावर जस्ताचाच थर असतो. रंगवलेल्या होड्यांपासूनही लांब, कारण बुडाच्या रंगात तांबं असतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की शिनाणे शिंपा मिटून बसतात, नाहीतर मरतात.

तेजाबपात्र:
प्रयोगशाळेच्या बाजूनं. १०५ अंशांवर पारा उडू शकतो, त्यामुळे पुढेमागे पारा मोजायचा असेल तर फ्रीज ड्रायर, म्हणजे गोठवून वाळवणारं यंत्रच हवं. त्याआधी प्राणी त्याच जागेच्या गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात २४ ते ४८ तास ठेवा, म्हणजे पोटातला गाळ बाहेर पडेल. शिसं आणि लोखंड तर बऱ्याचदा त्या गाळाचंच मोजलं जातं. शिनाणे ज्यांनी खडकाला चिकटतात ते दोरे कापून टाका. कालव उघडताना शिंपेचा चुरा आणि सुरीचा कीस मांसात पडतो, तेव्हा सुरीनं फक्त शिंपा उघडा आणि मांस प्लॅस्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या पात्यानं काढा. हातमोजे पावडर नसलेले.

दळलेली पूड ०.३ ग्रॅम, नायट्रिक ॲसिड ७ मिली, हायड्रोजन पेरॉक्साइड १ मिली, मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये. प्रत्येक फेरीत दोन कोरे नमुने (मांस न घातलेलं नुसतं ॲसिड) आणि एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेची, धातूंचे आकडे आधीच ठरवलेली २९७६ क्रमांकाची मसलची पूड घाला. तिच्यात सुक्या वजनावर किलोला जस्त १३७ आणि कॅडमियम ०.८२ मिलिग्रॅम आहे. तुमच्या यंत्रावर त्या आकड्यांच्या ८० ते १२० टक्क्यांत येत नसेल तर बाकीच्या आकड्यांवर चर्चा नको. आर्सेनिक मोजत असाल तर यंत्राचा हेलियम मोड लावा, नाहीतर समुद्री नमुन्यातला क्लोरीन यंत्रातल्या आर्गॉन वायूशी जुळून आर्सेनिकच्याच ७५ वस्तुमानावर खोटं आर्सेनिक दाखवतो.

भरतीरेषा:
मापाबद्दल कोणी बोललं नाही. एका जागेचे २०-२५ प्राणी, लांबीत ५ मिलिमीटरच्या आतले, एकत्र दळा. असे तीन संच करा. अंडी-शुक्र सोडल्यावर मांस घटतं आणि धातू तेवढाच राहतो, म्हणून प्रदूषण न वाढताही आकडा वर जातो. सुकं मांस आणि शिंपेचं वजन यांचं गुणोत्तर नोंदवलंत तर हा घोळ लगेच पकडता येतो. पाण्याचा खारेपणाही दर वेळी टिपा. पाणी गोडं झालं की क्लोराइडनं धरून ठेवलेलं कॅडमियम मोकळं होतं आणि प्राण्यांत जास्त शिरतं.

मीठबंदर:
शिनाण्यांत कॅडमियम किलोला ४ मिलिग्रॅम आलंय. खाण्याच्या शिंपल्यांसाठी युरोपची मर्यादा १ आहे ना?

भरतीरेषा:
ती ओल्या वजनावर, आणि तुमचा आकडा सुक्या. मांसात पाणी ८२ टक्के धरलं तर ४ गुणिले ०.१८, म्हणजे ०.७२. पाण्याचा टक्का मात्र तुमच्याच नमुन्याचा घ्या, माझा नको.

तेजाबपात्र:
आणि जानेवारीची पूड उरली असेल तर टाकू नका. २९७६ सोबत ती पुन्हा विरघळवा. आकडे टिकले तर खाडीतल्या कालवांची पहिली नोंद म्हणून ठेवता येतील, पुढच्या जानेवारीत त्याच खडकाशी ताडायला.