सिम्स ४ : मी सगळे मॉड काढून टाकले. तुम्ही वापरता का, आणि का?

तलावपाळीकरीण
रोज ठाणे-वाशी लोकलने जाणं-येणं, रात्री भांडी आवरली की तासभर सिम्स, म्हणजे बाहुल्यांसारखी माणसं आणि त्यांचं घर सांभाळायचा कॉम्प्युटर गेम. ऑक्टोबर २०२२ मध्ये मूळ गेम फुकट झाला तेव्हा घेतला आणि तेव्हापासून एकच घराणं खेळतेय. आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडं.

त्यात मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जादा फाइली, टाकलेले होते. मागच्या पॅचनंतर, म्हणजे कंपनीच्या अपडेटनंतर, गेम उघडला तर नातीच्या डोक्यावर केसच नाहीत आणि खालची बटणांची अख्खी पट्टी गायब. पॅच आला की गेम मॉड स्वतःच बंद करतो. घाईघाईने मीच ते परत चालू केले, म्हणजे दोष माझाच. वैतागून फोल्डर रिकामं केलं आणि तसंच खेळायला बसले.

आठवड्याभरात आजी गेली. काळा डगला घातलेला तो यमदूत स्वयंपाकघरात उभा, सुना रडतायत, चुलीवरचं करपलं. तेव्हा लक्षात आलं की माझ्या या घरात आजवर कुणी मेलंच नव्हतं! कमांड सेंटर नावाच्या मॉडमधून म्हातारपणाचे दिवस मी वाढवत नेले होते. यूआय चीट्स हा दुसरा मॉड होता, त्यामुळे भुकेच्या पट्टीवर क्लिक केलं की पोट भरलेलं. पोळ्या कोण लाटतंय मग? कुणाला उशीर नाही, कुणाचं कुणाशी वाजत नाही.

आता वाटतं, आयुष्याच्या गेममधून अडचण काढली तर नुसतं बाहुल्यांचं शोकेस उरतं. म्हणून मॉड नकोत. बोला.

नेरूळची_सून
ताई, साफ नापसंत. आमच्या नेरूळमध्ये सिडकोची जुनी घरं आहेत. त्यातलं एक तरी मूळ नकाशाप्रमाणे उरलंय का? कुणी गॅलरी आत घेतली, कुणी ग्रिल पुढे काढून तुळस ठेवली. त्याला कुणी घराशी लबाडी म्हणत नाही, राहत्या माणसाची सोय म्हणतं. मॉड म्हणजे तेच.

आणि हा गेम तरी कुठे पुरता बांधून मिळाला? २०१४ ला आला तेव्हा पोहायचा तलाव नव्हता, दुडदुडणारी मुलं नव्हती. ती मुलं यायला जानेवारी २०१७ उजाडलं. शेजाऱ्यांची लग्नं-बाळंतपणं आपोआप होणं कंपनीने नोव्हेंबर २०२१ पासून आणायला घेतलं, कमांड सेंटर वापरणाऱ्यांकडे ते आधीपासून होतं.

एका घरात आठच माणसं. आठ! आमच्याकडे मे महिन्यात आठ जण नुसते आंबे कापायला बसतात. ती मर्यादा मॉडनेच ओलांडता येते. माझ्या सिम-आजीची नऊवारी आणि देव्हारासुद्धा मॉडवाल्यांनी दिला. फॅशन स्ट्रीट नावाचा किट, म्हणजे कंपनीचा कपड्यांचा छोटा संच, २०२१ मध्ये आला खरा, मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेला, पण माझ्या आजीने तिथून कधी खरेदी केली नाही.

पाचपाखाडी_४०२
गॅलरी आत घेतली की पहिल्या पावसात खालच्याच्या छतातून गळतं, तेही लिहा की. सोसायटीचा सेक्रेटरी होतो, सात वर्षं ऐकलंय.

माझा मुद्दा वेगळा आहे. मुलगी तेरा वर्षांची, मैत्रिणीने पाठवलेली मॉडची फाइल टाकू का विचारते. २०२४ च्या सुरुवातीला याच गेमच्या काही मॉडमध्ये पासवर्ड चोरणारा मालवेअर सापडला होता. घरी एकच लॅपटॉप, त्यावरच माझं नेटबँकिंग. एका बाहुलीच्या केसांसाठी एवढा धोका? आमच्याकडे बंदी.

ऐरोली_लेट_नाइट
काका, सरसकट बंदी नको. दोन जाती आहेत. पॅकेज फाइल म्हणजे बहुतेक वेळा कपडे, केस, सोफे. बिघडली तर टक्कल दिसेल, बास. स्क्रिप्ट मॉड म्हणजे पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम, तो तुमच्या मशिनवर चालतो. २०२४ चा घोळ स्क्रिप्टवाल्यांचा. त्यानंतर ट्विस्टेडमेक्सी नावाच्या मॉडवाल्याने मॉडगार्ड काढलं, ते असले उद्योग अडवतं. मुलीला केस घेऊ द्या, मैत्रिणीकडून नाही, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून.

आणि पॅच म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक समजायचा. त्या दिवशी बाहेर पडायचंच नाही. मॉड अपडेट होईपर्यंत थांबायचं, सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवायचं. काही बिघडलंच तर अर्धे मॉड बाहेर काढा, गेम लावून बघा, मग उरलेल्यांतले अर्धे. कंटाळवाणं आहे, पण गुन्हेगार सापडतो.

आता धागाकर्तीला. म्हातारपण लांबवायला मॉड लागतच नाही. गेमच्या सेटिंगमध्ये आयुष्य लांब करता येतं, वय वाढणंच बंद करता येतं. मदरलोड हा चीट कोड टाइप केला की ५०,००० सिमोलियन, म्हणजे गेममधले पैसे, तेही कंपनीनेच दिलेलं. आजीला अमर तुम्ही केलंत, उगाच मॉडवर बिल फाडू नका.

तलावपाळीकरीण
ऐरोली, हे लागलं. खरंय, सेटिंग होतं. पण सेटिंग शोधून बदलावं लागतं, ते करताना आपण काय करतोय ते कळतं. भुकेच्या पट्टीवर बोट कधी जातं ते कळतही नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून आलेल्या माणसाच्या हातात ते बटण दिलं तर तो दाबणारच. मी रोज दाबलं.

नेरूळ, कंपनीचं अर्धवट काम लोकांनी फुकटात पुरं करायचं आणि त्यावर आपण खूश व्हायचं, हे मात्र मला पटत नाही. त्याने कंपनीचंच फावतं.

नेरूळची_सून
फावू दे. कंपनीला धडा शिकवायला मी आजीला गाऊन घालून बसवू का?

चेंदणीचा_बाबू
मी सिम्स खेळत नाही, स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळतो. तो एरिक बॅरोनने एकट्याने केलेला, २०१६ चा. तिथे अर्धवट वगैरे ओरड नाही आणि मार्च २०२४ च्या १.६ आवृत्तीत त्याने मॉड बनवणाऱ्यांचं काम उलट सोपं केलं. पण मासेमारीत तो हिरवा पट्टा माशाच्या मागे वरखाली नाचवावा लागतो. माझं वय ६१, बोटं आखडलेली. चेंदणी कोळीवाड्यात जन्म गेला आणि गेममध्ये मासा लागेना! नातवंडं हसून लोळायची. शेवटी नातवानेच मासेमारी आपोआप करणारा मॉड टाकून दिला. अडचण हवी म्हणता बाई, पण माझ्या बोटांत ती आधीच आहे.

पाचपाखाडी_४०२
बाबूशेठ, तुमचं एक वेळ मान्य. आमच्या घरी बंदी कायम. लॅपटॉप दुसरा घेतला तर बघू. मुलगी हे वाचतेय, म्हणून लिहितो : घेणार नाहीये.

तलावपाळीकरीण
बाबूकाका, तुमच्यापुढे मी काही बोलत नाही. यूआय चीट्स मात्र परत टाकणार नाही, ते ठरलं.

नेरूळ, ती नऊवारी कुणी बनवलीय? धाकट्या सुनेचं लग्न काढलंय. फाइल पॅकेजची असेल तरच सांग.

नेरूळची_सून
पॅकेजच आहे, निरोप पाठवते. पण सिम खाली बसली की मांडी काष्ट्यातून बाहेर येते, आधीच सांगून ठेवते. लग्नात उभीच ठेव तिला.